टायफॉइड कसा होतो आणि तपासणीत कसा सापडतो? विडाल, ब्लड कल्चर आणि रिपोर्टचा नेमका अर्थ

ताप येऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. गोळी घेतली की उतरतो, काही तासांत पुन्हा चढतो. मग जवळच्या लॅबमध्ये रक्त दिले जाते आणि संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट येतो: ‘विडाल पॉझिटिव्ह’. घरात लगेच टायफॉइडचे निदान पक्के होते, फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो फिरतो आणि अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो.

अडचण अशी आहे की, केवळ या एका रिपोर्टवरून टायफॉइड आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. विडाल पॉझिटिव्ह असूनही ताप डेंग्यूचा किंवा मलेरियाचा असू शकतो. उलट, खरोखर टायफॉइड असूनही पहिल्या आठवड्यात विडाल निगेटिव्ह येऊ शकते. पहिल्या चुकीत खऱ्या आजाराचे उपचार लांबतात आणि नको ते अँटिबायोटिक पोटात जाते. दुसऱ्या चुकीत टायफॉइड अंगावर काढला जातो.

असे का होते? याचे उत्तर टायफॉइडचा जिवाणू शरीरात शिरल्यावर कोणत्या दिवशी कुठे असतो, यात आहे. तो समजला की कोणती तपासणी कधी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा, हेही समजते.

सगळे जिवाणू आजार निर्माण करतात का?

नाही. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा अंदाज २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच आहे. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात. न पचलेल्या अन्नाचे विघटन करणे, ‘के’ जीवनसत्त्व तयार करण्यास हातभार लावणे आणि बाहेरून आलेल्या घातक जिवाणूंना जागा न देणे, अशी कामे ते करतात.

एखादा जिवाणू निरुपद्रवी आहे की घातक, हे बऱ्याचदा जागेवर अवलंबून असते. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा रहिवासी आहे. तोच मूत्रमार्गात पोहोचला की लघवीला जळजळ, वारंवार लघवी लागणे आणि ताप अशी लक्षणे दिसतात. काही जिवाणू मात्र शरीरात शिरून आजार निर्माण करण्यासाठी खास सज्ज असतात. टायफॉइडचा जिवाणू त्यांपैकी एक आहे.

जिवाणू माणसाला आजारी कसे पाडतात?

याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत आणि एकच जिवाणू एकापेक्षा जास्त मार्ग वापरू शकतो.

पहिला मार्ग विषाचा. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याच्या भिंतीत खोल शिरत नाही. तो भिंतीला चिकटून एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्यातील पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकू लागतात आणि रुग्णाला पाण्यासारखे जुलाब होतात. धनुर्वाताचा जिवाणू जखमेतच राहतो, पण त्याचे विष मज्जातंतूंपर्यंत जाते आणि स्नायू आखडतात.

दुसरा मार्ग घुसखोरीचा. काही जिवाणू पेशींचा अडथळा ओलांडून आत शिरतात, तिथे वाढतात आणि रक्तावाटे इतर अवयवांपर्यंत पोहोचतात.

तिसरा मार्ग शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचा. जिवाणूला मारण्यासाठी रोगप्रतिकारशक्ती जी दाहक रसायने सोडते, त्यांनीही नुकसान होते. क्षयरोगात फुप्फुसात जी पोकळी तयार होते, तिच्यामागे जिवाणूंइतकाच शरीराच्या प्रतिक्रियेचाही वाटा असतो.

तपासणीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. जिवाणू जिथे असेल, तिथलाच नमुना घ्यावा लागतो. कॉलऱ्यासाठी शौचाचा नमुना, फुप्फुसाच्या क्षयासाठी थुंकी म्हणजे बेडका, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी लघवी. टायफॉइडमध्ये ही जागा आठवड्यागणिक बदलते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टायफॉइडचा जिवाणू कोणता?

या जिवाणूचे नाव साल्मोनेला टायफी. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल एबर्ट यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८८४ मध्ये गेऑर्ग गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. मराठीत या आजाराला विषमज्वर किंवा मुदतीचा ताप म्हणतात. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा हा ताप तीन-चार आठवड्यांची आपली मुदत पुरी करूनच उतरत असे.

हा जिवाणू फक्त माणसाच्या शरीरात राहतो. गाय, कुत्रा किंवा कोंबडीकडून तो येत नाही. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णामागे दुसरा कोणीतरी माणूस असतो, ज्याच्या शौचातून किंवा लघवीतून जिवाणू बाहेर पडून पाण्यात किंवा अन्नात मिसळले. फुटलेल्या जलवाहिनीत शिरलेले गटाराचे पाणी, अस्वच्छ पाण्याचा बर्फ, न धुतलेल्या हातांनी केलेले पदार्थ, हे त्याचे नेहमीचे रस्ते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ९० लाख लोकांना टायफॉइड झाला आणि सुमारे १ लाख १० हजार लोक त्यामुळे दगावले. दक्षिण आशिया हा सर्वाधिक रुग्ण असलेल्या भागांपैकी एक आहे.

तोंडापासून रक्तापर्यंत: पहिले एक-दोन आठवडे

गिळलेल्या जिवाणूंपुढचा पहिला अडथळा म्हणजे जठरातले आम्ल. बरेच जिवाणू तिथेच मरतात. त्यामुळे आजार होण्यासाठी सहसा हजारो ते लाखो जिवाणू पोटात जावे लागतात. ज्यांच्या जठरात आम्ल कमी असते, उदाहरणार्थ नियमित आम्लरोधक औषधे घेणारे, त्यांना तुलनेने कमी जिवाणूही पुरतात.

वाचलेले जिवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात. इथे आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅच नावाचे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. आतड्यातून काय जाते आहे याचे नमुने घेऊन ते आतल्या पेशींना देणे, हे त्यांवरील खास पेशींचे काम. टायफॉइडचा जिवाणू याच दारातून आत शिरतो.

आत भक्षक पेशी असतात. जिवाणूला गिळून मारणे हे त्यांचे काम. पण साल्मोनेला सुईसारख्या सूक्ष्म रचनेतून आपली प्रथिने थेट पेशीत सोडतो आणि पेशीची मारण्याची यंत्रणा बिघडवतो. ज्या पेशीने त्याला संपवायचे, तिच्यातच तो जिवंत राहतो आणि वाढतो. शिवाय त्याच्याभोवती ‘व्हीआय’ नावाचे शर्करेचे आवरण असते. त्यामुळे सुरुवातीला रोगप्रतिकारशक्तीला त्याची चाहूल उशिरा लागते.

या पेशींमधून जिवाणू लसिका ग्रंथींत जातात, तिथून थोड्या वेळासाठी रक्तात येतात आणि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथे जाऊन बसतात. या काळात रुग्णाला काहीच त्रास जाणवत नाही. जिवाणू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे ‘काल बाहेर पाणीपुरी खाल्ली आणि आज टायफॉइड झाला’ हा हिशेब जुळत नाही. संसर्ग त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

ताप नेमका कशाने येतो?

यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत पुरेशी वाढ झाली की जिवाणू पुन्हा रक्तात उतरतात आणि या वेळी सतत उतरत राहतात. त्यांच्या बाह्यभिंतीतल्या घटकांमुळे शरीर दाहक रसायने सोडते आणि ताप सुरू होतो. हा ताप पहिल्याच दिवशी १०४ वर जात नाही. बहुतेकदा तो दिवसागणिक पायरी-पायरीने चढतो आणि संध्याकाळी जास्त असतो. सोबत डोकेदुखी, थकवा, भूक मरणे, पोटदुखी, जिभेवर पांढरट थर ही लक्षणे असतात. मोठ्यांमध्ये बद्धकोष्ठता आणि मुलांमध्ये जुलाब जास्त दिसतात.

ही लक्षणे डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि इतर अनेक तापांतही असतात. साध्या रक्ततपासणीवरूनही टायफॉइड ओळखता येत नाही. जिवाणूंचा संसर्ग म्हटले की पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणार, अशी समजूत असते. टायफॉइडमध्ये त्या बऱ्याचदा सामान्य किंवा कमीच असतात. म्हणजे ‘पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणून व्हायरल आहे’ हा निष्कर्षही चुकू शकतो.

तिसऱ्या आठवड्यातला धोका

रक्तातून जिवाणू पित्ताशयात जातात आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात उतरतात. तिथे पेयर्स पॅचवर दुसऱ्यांदा हल्ला होतो. या वेळी रोगप्रतिकारशक्तीला जिवाणूची ओळख झालेली असल्याने प्रतिक्रिया जोरदार असते. त्या जागी सूज येते, व्रण पडतात. उपचार झाले नाहीत तर साधारण तिसऱ्या आठवड्यात या व्रणांतून रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला छिद्र पडू शकते. छिद्र पडले तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

अँटिबायोटिक येण्यापूर्वी टायफॉइडच्या दर १०० रुग्णांपैकी १० ते २० जण दगावत. योग्य उपचार वेळेवर मिळाल्यास आज हे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. हा फरक वेळेवर झालेल्या अचूक निदानावर अवलंबून आहे.

ब्लड कल्चर म्हणजे काय?

कल्चर म्हणजे रुग्णाच्या रक्तातला जिवंत जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे. प्रत्यक्ष जिवाणूच हाती लागत असल्याने टायफॉइडच्या निदानात या तपासणीला पहिले स्थान आहे.

आधी हाताची त्वचा जंतुनाशकाने नीट स्वच्छ केली जाते. तसे केले नाही तर त्वचेवरचेच जिवाणू बाटलीत जाऊन रिपोर्ट फसवा येऊ शकतो. मग रक्त थेट पोषक द्रव असलेल्या खास बाटलीत घातले जाते आणि बाटली शरीराच्या तापमानाइतक्या उबेत ठेवतात. रक्तात जिवाणू असतील तर ते वाढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आधुनिक यंत्रे हा वायू ओळखून इशारा देतात. बहुतेक वेळा हे एक ते तीन दिवसांत घडते. काहीच वाढले नाही तर साधारण पाच दिवस वाट पाहून मग निगेटिव्ह रिपोर्ट दिला जातो.

इशारा मिळाल्यावर तंत्रज्ञ थेंबभर द्रव काचपट्टीवर घेऊन त्याला ग्रॅम रंजन देतात. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये शोधलेली ही पद्धत आजही रोज वापरली जाते. साल्मोनेला गुलाबी रंगाच्या काड्यांसारखा दिसतो. मग तो अगरच्या बशीवर वाढवतात, त्याची नेमकी ओळख पटवतात आणि कोणते अँटिबायोटिक त्याला मारते हे तपासतात. त्यासाठी बशीवर जिवाणू पसरून वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवल्या जातात. ज्या चकतीभोवती जिवाणू वाढत नाहीत, ते औषध लागू पडण्याची शक्यता जास्त.

कल्चर निगेटिव्ह आले म्हणजे टायफॉइड नाही, असे का म्हणता येत नाही?

टायफॉइडमध्ये रक्तातल्या जिवाणूंची संख्या आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवंत जिवाणू असतो, कधी तोही नसतो. म्हणून दोन मिलिलिटर रक्त घेतले तर जिवाणू हाताला लागेलच असे नाही. मोठ्या माणसाच्या एका बाटलीसाठी साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात आणि शक्य असेल तर दोन बाटल्या भरतात. ‘एवढे रक्त कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. मुलांमध्ये वयानुसार कमी रक्त घेतले जाते.

एवढे करूनही, खरोखर टायफॉइड असलेल्या १०० जणांपैकी साधारण ६० जणांमध्येच ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येते. अस्थिमज्जेत जिवाणू जास्त असतात, त्यामुळे तिथल्या नमुन्याचे कल्चर ८० ते ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागत असल्याने ही तपासणी निवडक रुग्णांतच केली जाते.

सर्वांत मोठी अडचण आधी घेतलेल्या अँटिबायोटिकची. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या दोन-तीन गोळ्याही रक्तातले जिवाणू इतके कमी करू शकतात की कल्चर निगेटिव्ह येते. आजार मात्र बरा झालेला नसतो, कारण पेशींच्या आत लपलेले जिवाणू तसेच असतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कल्चरसाठी रक्त, मग अँटिबायोटिक. रुग्ण गंभीर असेल तर डॉक्टर रक्त घेतात आणि रिपोर्टची वाट न पाहता लगेच औषध सुरू करतात. गोळ्या आधीच घेतल्या असतील तर त्यांचे नाव आणि किती घेतल्या हे डॉक्टरांना सांगावे.

मग विडाल टेस्ट काय सांगते?

विडाल जिवाणू शोधत नाही. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, ती शोधते. फ्रान्सचे जॉर्जेस-फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये ती मांडली. रुग्णाच्या रक्तातला द्रव मारलेल्या साल्मोनेला जिवाणूंमध्ये मिसळतात. प्रतिपिंडे असतील तर जिवाणूंच्या गुठळ्या होतात.

रिपोर्टवर ‘टीओ’ आणि ‘टीएच’ अशा दोन ओळी दिसतात. ‘ओ’ म्हणजे जिवाणूच्या पृष्ठभागावरील घटकाविरुद्धची प्रतिपिंडे आणि ‘एच’ म्हणजे त्याच्या शेपटीसारख्या तंतूंविरुद्धची. ‘एएच’ आणि ‘बीएच’ या ओळी पॅराटायफॉइडसाठी असतात. त्यापुढे १:४०, १:८०, १:१६० असे आकडे असतात. १:१६० याचा अर्थ, रक्तातला द्रव १६० पट पातळ केल्यावरही गुठळ्या झाल्या. दुसरा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडे जास्त.

यात तीन अडचणी आहेत.

पहिली, वेळेची. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. ताप सुरू झाल्यापासून साधारण एक आठवडा उलटल्यावर ती पुरेशा प्रमाणात दिसू लागतात. तापाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह आली तरी तिच्यावरून टायफॉइड नाही असे ठरत नाही.

दुसरी, जुन्या संसर्गाची. जिथे टायफॉइड नेहमी आढळतो, तिथे अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही आधीच्या संसर्गाची प्रतिपिंडे असतात. त्यांना डेंग्यूचा ताप आला आणि विडाल केली, तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच किती आकड्यापासून पुढे संशय घ्यायचा, हे प्रदेशागणिक वेगळे असते.

तिसरी, मिळत्याजुळत्या जिवाणूंची. साल्मोनेलाच्या इतर प्रकारांतही तेच घटक असतात, त्यामुळे त्यांच्या संसर्गातही गुठळ्या होऊ शकतात. मलेरियासारख्या आजारातही विडाल फसवी पॉझिटिव्ह आल्याचे आढळते.

विडालचा खरा उपयोग दोन नमुन्यांत आहे. पहिल्या नमुन्यानंतर १० ते १४ दिवसांनी दुसरा नमुना घेतला आणि आकडा चौपट किंवा अधिक वाढला, म्हणजे १:४० वरून १:१६० झाला, तर नव्या संसर्गाचा पुरावा भक्कम होतो. पण तापाच्या रुग्णाला दोन आठवडे थांबवता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात एकाच नमुन्यावर भागवले जाते. काही मिनिटांत निकाल देणारी टायफीडॉटसारखी किट्सही प्रतिपिंडेच शोधतात, त्यामुळे त्यांनाही अशा मर्यादा आहेत.

कोणत्या दिवशी कोणती तपासणी?

- तापाचा पहिला आठवडा: रक्तात जिवाणू सापडण्याची शक्यता सर्वाधिक. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी. सोबत मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी.
- दुसरा आठवडा: ब्लड कल्चर अजूनही उपयोगी. प्रतिपिंडे दिसू लागलेली असतात, त्यामुळे विडालला थोडा अर्थ येतो. शौचाचे कल्चरही पॉझिटिव्ह येऊ लागते.
- तिसरा आठवडा आणि पुढे: रक्तातले जिवाणू कमी होतात, शौचात सापडण्याची शक्यता वाढते.
- गोळ्या आधीच सुरू असतील तर: कल्चर निगेटिव्ह येण्याची शक्यता लक्षात ठेवूनच रिपोर्ट वाचायचा. गरज वाटल्यास डॉक्टर अस्थिमज्जेच्या कल्चरचा विचार करतात.

तीन-चार दिवस थांबून कल्चरचा फायदा काय?

निदानाबरोबरच कोणते औषध चालेल हे कल्चर सांगते, विडाल ते सांगू शकत नाही. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉइडवर वापरात आले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. १९७२ मध्ये केरळमधील कोझिकोड येथे या औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूची साथ आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकाच वेळी अनेक जुन्या औषधांना न जुमानणारे जिवाणू पसरले. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे वापरात आली, पण भारतात आज तीही बहुतेक वेळा भरवशाची राहिलेली नाहीत. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबाद शहरात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. तिथे तोंडावाटे देण्यासारखे ॲझिथ्रोमायसिन हेच मुख्य औषध उरले.

चुकीच्या निदानावर दिलेल्या प्रत्येक कोर्समुळे अशा जिवाणूंना टिकून राहण्याची संधी मिळते. ‘मागच्या वेळी या गोळीने बरे वाटले होते’ म्हणून तीच गोळी पुन्हा घेणे टायफॉइडमध्ये धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना माहीत असायला हवी. योग्य अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही ताप पूर्ण उतरायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात, कारण जिवाणू पेशींच्या आत असतात. दुसऱ्याच दिवशी ताप आहे म्हणून औषध किंवा डॉक्टर बदलण्याची घाई करू नये. ताप उतरला म्हणून कोर्स अर्धवटही सोडू नये. तसे केल्यास काही आठवड्यांनी आजार उलटू शकतो.

बरे झालेल्या माणसाकडून टायफॉइड पसरतो का?

पसरू शकतो. टायफॉइड झालेल्यांपैकी सुमारे १ ते ५ टक्के लोकांच्या शरीरात, मुख्यतः पित्ताशयात, जिवाणू वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ राहतात. पित्ताशयात खडे असतील तर ही शक्यता वाढते. अशा व्यक्तीला स्वतःला काही त्रास नसतो, पण तिच्या शौचातून जिवाणू बाहेर पडत राहतात. यांना वाहक म्हणतात.

सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीचे. ती ज्या घरांत काम करत होती, त्यांतल्या अनेक घरांत टायफॉइडचे रुग्ण निघाले. जॉर्ज सोपर यांनी हा माग काढला आणि १९०७ मध्ये तिच्या शौचाच्या नमुन्यात जिवाणू सापडले. तिला एका बेटावर ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात साथ आली, तेव्हा ती तिथे नाव बदलून स्वयंपाक करत असल्याचे उघड झाले. तिला पुन्हा बेटावर नेले आणि १९३८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ती तिथेच राहिली. आपण आजारी नाही, मग आपल्यामुळे कोणी आजारी कसे पडेल, हे तिला अखेरपर्यंत पटले नाही.

आज वाहकाला कोंडून ठेवण्याची गरज नसते. शौचाचे कल्चर करून वाहक ओळखता येतो आणि दीर्घ मुदतीच्या अँटिबायोटिकने बहुतेक जण जिवाणूमुक्त होतात. हॉटेल, खाणावळ, पाळणाघर किंवा डबे पुरवण्याचे काम करणाऱ्यांनी टायफॉइडनंतर कामावर परतण्याआधी डॉक्टरांना याबद्दल विचारावे.

टायफॉइड टाळता येतो का?

हो. जिवाणू फक्त माणसात राहत असल्याने पाण्याचा रस्ता बंद केला की साखळी तुटते. अमेरिकेतील शहरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणी गाळणे आणि त्यात क्लोरीन मिसळणे सुरू झाल्यावर, अँटिबायोटिक येण्याच्या कितीतरी आधी, टायफॉइडचे मृत्यू झपाट्याने घटले. घरात पिण्याचे पाणी उकळून किंवा शुद्ध करून पिणे, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे, बाहेरचा बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत.

लसही उपलब्ध आहे. टायफॉइड कॉन्ज्युगेट लस वयाच्या सहा महिन्यांपासून एका डोसमध्ये देता येते. भारतात तयार झालेल्या अशा लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयोगटातील सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ही लस दिली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने या लसीची मोहीम राबवण्याची देशातील ती पहिलीच वेळ होती. लस घेतली तरी पाण्याची काळजी सोडता येत नाही, कारण कोणतीही लस शंभर टक्के संरक्षण देत नाही आणि ही लस पॅराटायफॉइडपासून वाचवत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहावे?

- तापाच्या कितव्या दिवशी रक्त दिले?
- त्याआधी अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या का?
- तपासणी जिवाणू शोधणारी आहे की प्रतिपिंडे शोधणारी?
- मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी झाली का?
- कल्चर पॉझिटिव्ह असेल तर सुरू असलेले औषध त्या रिपोर्टमधील लागू पडणाऱ्या औषधांत आहे का?

या प्रश्नांची उत्तरे घेऊन डॉक्टरांशी बोलल्यास ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ या एका शब्दापेक्षा बरेच काही कळते.

ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला तर डॉक्टरांकडे जावे. पोटात अचानक तीव्र वेदना, पोट कडक होणे, काळी किंवा रक्तमिश्रित शौच, बरळणे, गुंगी, पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. लहान बाळ आणि गरोदर स्त्री यांच्या बाबतीत तीन दिवसही थांबू नये.